पादपूरणाचा आळ

मराठी समीक्षेने आजवर ज्या शब्दांचा अर्थविचार केला त्यांची यादी कोणी करावयास घेतली, तर ती जवळजवळ संपूर्णपणे नामांची आणि विशेषणांची यादी निघेल. नवकवितेबरोबर 'प्रतिमा' हा समीक्षेचा केंद्रशब्द झाला आणि कवितेचा अर्थ प्रतिमेत साठवलेला असतो ही समजूत इतकी रूढ झाली की, ज्या शब्दाला चित्र नाही त्याला अर्थही नाही, असे न बोलता ठरून गेले. 'च', 'ही', 'तर', 'पण', 'ना' हे शब्द व्याकरणाच्या खात्यावर टाकण्यात आले. व्याकरण शिकविणाऱ्यांनी त्यांवर 'शुद्ध शब्दयोगी अव्यय' अशी पाटी लावली, पुढे 'जोर देण्यासाठी' असा शेरा मारला आणि प्रकरण निकालात काढले. 'कोसला'तील (१९६३) 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' यांची दखल समीक्षेला घ्यावी लागली, पण ती हे शब्द तेथे मुद्दाम खुपतील असे वापरले आहेत म्हणून. जे खुपत नाहीत आणि तरीही वाक्याचा निवाडा करतात, त्यांच्याकडे कोणी वळले नाही.

या उपेक्षेचा सर्वांत मोठा बळी म्हणजे एकाक्षरी 'च', आणि त्याचे जुने रूप 'चि'. जुन्या कवितेच्या अध्यापनात 'चि' दिसला की 'पादपूरणार्थक' किंवा 'निश्चयार्थक' यांपैकी एक शिक्का त्यावर उठतो. पहिल्या शिक्क्याचा अर्थ, या शब्दाला अर्थ नाही. दुसऱ्याचा अर्थ, त्याला नेहमी एकच अर्थ आहे. दोन्ही शिक्के चुकीचे आहेत. शिवाय या चुका निरुपद्रवी नाहीत, कारण मराठीतल्या काही अत्यंत महत्त्वाच्या वचनांचे तात्पर्य या एका अक्षरावर तोललेले आहे.

प्रथम 'जोर' या कल्पनेचा समाचार घेतला पाहिजे. 'तो काल आलाच नाही', 'तो कालच आला नाही', 'तोच काल आला नाही' ही तीन वाक्ये घ्यावीत. जोराच्या सिद्धांतानुसार घटना एकच, फक्त आघाताची जागा बदलली. प्रत्यक्षात तिन्ही वाक्ये तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिल्यात त्याची वाट पाहिली गेली होती. दुसऱ्यात तो एरवी येत असतो. तिसऱ्यात बाकीचे आले होते. वाक्यात जे उच्चारलेले नाही तेच दर वेळी बदलले, आणि ते बदलण्याचे काम 'च'ने केले. 'आलोच' म्हणणारा मनुष्य अजून आलेला नसतो. त्याच्या भूतकाळी क्रियापदाला जोर दिला तर तो खोटे बोलतो असे म्हणावे लागेल. 'कोणीच आले नाही' हे वाक्य मराठीत चालते, 'कोणीच आले' हे चालत नाही. जोर द्यायचा तर होकारालाही का देता येऊ नये, याचे उत्तर जोरवाद्यांकडे नाही. आणि 'एकच मुलगा', 'एकच गोंधळ' या दोन प्रयोगांत तर तेच दोन घटक पहिल्या ठिकाणी अल्पत्व सांगतात आणि दुसऱ्या ठिकाणी अफाटपणा. 'जोर' हा अर्थ नसून अर्थ न सांगण्याची सोय आहे, असे म्हणणे भाग पडते.

ही सोय आपल्या परंपरेने घेतलेली नव्हती, हे अधिक लाजिरवाणे आहे. सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने 'प्रमाणवार्त्तिका'च्या चौथ्या परिच्छेदात संस्कृत 'एव'चा विचार केला. मराठी 'च' ज्या जागी बसतो तीच 'एव'ची जागा. धर्मकीर्तीच्या मते 'एव' काहीतरी वगळतो, व्यवच्छेद करतो; आणि काय वगळतो हे तो कशाला जोडला आहे यावरून ठरते. चैत्र धनुर्धरच आहे, असे म्हटले की चैत्राचा आणि धनुर्विद्येचा संबंध नसल्याची शंका वगळली जाते, हा अयोगव्यवच्छेद. पार्थच धनुर्धर, असे म्हटले की इतरांचा त्या पदवीशी संबंध वगळला जातो, हा अन्ययोगव्यवच्छेद. कमळ निळे असतेच, असे क्रियेला जोडून म्हटले की तसे कधी असूच शकत नाही ही समजूत वगळली जाते, हा अत्यंतायोगव्यवच्छेद. संस्कृतातली ही तीन उदाहरणे शब्दशः मराठीत आणली तरी 'च' प्रत्येक वेळी अचूक आपल्या जागी येऊन बसतो, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाला पुरेशी बोलकी वाटावयास हवी. धर्मकीर्ती आणखी एक गोष्ट सांगतो: 'एव' उच्चारला नसला तरी वक्त्याच्या विवक्षेवरून तो अर्थ प्रतीत होतो, कारण वाक्याचे फळच मुळी व्यवच्छेद हे असते. म्हणजे हा निपात वाक्यावर चढवलेला अलंकार नसून वाक्य मुळात जे करते तेच उघड करून दाखविणारा शब्द आहे.

काव्यशास्त्राची साक्षही याहून वेगळी नाही. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्योतात विभक्ती, वचन, कारक यांच्याबरोबर निपातांनाही रसव्यंजक मानले आणि 'शाकुंतला'च्या तिसऱ्या अंकातल्या दुष्यंताच्या श्लोकाकडे बोट दाखविले. शकुंतलेचे मुख कसेबसे वर उचलले, चुंबिले मात्र नाही, अशी ती खंत. आणि आनंदवर्धनाच्या मते सगळी खंत श्लोकाच्या शेवटच्या 'तु'मध्ये आहे. कुंतकाने निपातवक्रता असा स्वतंत्र प्रकार केला, क्षेमेंद्राने निपाताचे औचित्य वेगळे गणले. मराठीत ध्वनिसिद्धांत शिकविला जातो तो मात्र गंगेवरच्या गवळीवाड्यापर्यंत येऊन थांबतो. 'गंगायां घोषः' पाठ करून पदवी मिळविलेल्या विद्यार्थ्याला 'तु'मध्ये ध्वनी असू शकतो हे कोणी सांगितलेले नसते, आणि त्यामुळे 'चि'मध्ये तो शोधण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

'च'चा वंशही पाहण्यासारखा आहे. त्याची व्युत्पत्ती सामान्यतः प्राकृत 'च्चिअ', 'च्चेअ' या रूपांशी जोडली जाते. हालाच्या 'गाथासप्तशती'त 'च्चिअ' पावलोपावली भेटतो आणि हेमचंद्राच्या व्याकरणात हा वर्ग अवधारणार्थी म्हणून नोंदला आहे. त्यामागे संस्कृत 'चैव' असल्याचे मानले जाते. तसे असेल तर इतिहासाने मोठी गंमत केली आहे: 'च' आणि 'एव' या जोडीतला ध्वनी 'च'चा उरला आणि अर्थ 'एव'चा उरला. संस्कृतात जो 'च' दोन गोष्टींना जोडतो त्याच वर्णाने मराठीत एक गोष्ट बाकीच्यांपासून तोडली जाते. संस्कृत वाचलेल्या मराठी भाष्यकारांना 'चि' हा भरताड शब्द वाटावा यामागे हे वर्णसाम्य असण्याची शक्यता नाकारता येत नाही. 'च', 'वै', 'तु', 'हि' यांनी श्लोक भरणाऱ्या कवींची थट्टा संस्कृतात फार जुनी आहे. त्या थट्टेचा दंड मराठी 'चि'ला भरावा लागला, इतकेच.

पादपूरणाचा मुद्दा मात्र इतक्या सहज उडवून लावता येणार नाही. त्याच्या बाजूने खरोखर एक युक्तिवाद आहे. अभंगाचा चरण अक्षरसंख्येने बांधलेला असतो. लहान अभंगात आठ अक्षरांचा चरण असला आणि त्यातला 'चि' काढला की सात अक्षरे राहतात, म्हणून 'चि' आठवे अक्षर भरण्यासाठी आला, असे म्हणता येते. यावर दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, आठव्या अक्षराची गरज तेथे काहीतरी येण्याचे कारण देते, 'चि'च येण्याचे देत नाही. जुन्या मराठी कवीपुढे 'पैं', 'गा', 'बा', 'हो', 'कीं' असे कितीतरी एकाक्षरी शब्द हात जोडून उभे होते. त्यांतून 'चि' निवडला गेला तर निवडीचा अर्थ विचारलाच पाहिजे. दुसरे उत्तर 'ज्ञानेश्वरी' (शके १२१२) देते. तिच्या ओवीचे पहिले तीन चरण अक्षरसंख्येने काटेकोर नाहीत. कमीअधिक अक्षरे तेथे बिनतक्रार चालतात. जेथे भरण्याची सक्ती नाही तेथेही 'चि' विपुल आहे. ज्या यास्काच्या नावावर पादपूरणाची कल्पना चालविली जाते त्याने 'निरुक्ता'त ही सवलत 'कम्', 'ईम्', 'इत्' आणि 'उ' अशा चार निपातांना दिली होती. त्याच यास्काने 'न' हा निपात वेदात निषेधही सांगतो आणि उपमाही सांगतो, आणि दोहोंतला भेद त्याच्या जागेवरून कळतो, हे नोंदविले आहे: निषेध्य वस्तूच्या आधी आला तर 'नाही', उपमानाच्या नंतर आला तर 'जसा'. एकाच अक्षराचे परस्परांपासून इतके दूरचे अर्थ, आणि तरीही कोणता अर्थ कोठे हे ठरविण्याचा नियम. निरुक्तातला हा धडा सोडून पादपूरण तेवढे उचलले गेले.

आता प्रत्यक्ष कवितेकडे वळावे. रंजल्यागांजल्यांना जो आपले म्हणतो त्याच्याविषयीचा तुकारामांचा अभंग मराठी माणसाला इतका पाठ आहे की तो वाचला जातच नाही. त्यात 'चि' चार वेळा येतो, आणि चारही वेळा त्याचे काम वेगळे आहे.

पहिला 'तोचि'. अशा मनुष्यालाच साधू म्हणून ओळखावे. येथे 'चि' विशेष्याला जोडलेला आहे. पार्थाच्या उदाहरणासारखा स्वच्छ अन्ययोगव्यवच्छेद. जो वगळला गेला तो कोण, हे अभंगात लिहिलेले नाही. परंतु टिळेमाळांनी, जटांनी, मठांनी साधू म्हणून मिरविणारे सारे येथे एका अक्षराने बाहेर काढले गेले. वर्गात या चरणाचा अर्थ 'तो खरा साधू' असा सांगण्याची प्रथा आहे, आणि येथेच मोठा घात होतो. 'खरा' म्हटले की बाकीचे साधू दुय्यम प्रतीचे साधू म्हणून शिल्लक राहतात. स्तुती होते, निवाडा होत नाही. 'तोच' म्हटले की बाकीच्यांचे साधू हे नावच जाते. एका निपाताच्या जागी विशेषण बसविल्याबरोबर कठोर अभंग सौम्य सुविचार झाला. अभंगाचे हे सौम्यीकरण कोणी हेतुपुरस्सर केले असे म्हणण्याचे कारण नाही. ज्याला निपात दिसत नाही त्याच्या हातून ते आपोआप होते.

दुसरा 'तेथेचि'. देव तेथेच जाणावा. अभ्यासकांचे दोन पक्ष येथे पडतात, आणि दोघेही 'चि'ला टाळून जातात. सामाजिक वाचन करणारे म्हणतात, देव देवळात नाही, तो दीनदुबळ्यांत आहे. भक्तिमार्गी वाचन करणारे म्हणतात, सर्वव्यापी देव 'तेथेच' आहे असे म्हणणे वारकरी तत्त्वज्ञानाला सोडून आहे, पंढरीची वाट चालणाऱ्या कवीला ते अभिप्रेत असणे शक्य नाही, म्हणून 'चि'चा अर्थ फार तर 'निश्चितपणे' एवढाच घ्यावा. पहिला पक्ष 'तेथे' या शब्दाचा संदर्भच चुकवितो. 'जो… तो' अशा रचनेत आलेला 'तेथे' व्याकरणाने त्या आपले म्हणणाऱ्या मनुष्याकडे जातो, रंजल्यागांजल्यांकडे नव्हे. देव दीनांत आहे हे विधान कितीही मोलाचे असो, ते या चरणात नाही. दुसरा पक्ष पार्थाच्या ठिकाणचा 'चि' चैत्राच्या ठिकाणी हलवितो: जागेला जोडलेल्या निपाताचा अर्थ 'निश्चितपणे' असा करण्यासाठी तो संबंधावर नेऊन ठेवावा लागतो, आणि तसे करण्यास सिद्धांताचे भय यापलीकडे कारण दिलेले नाही.

दोन्ही पक्षांनी न पाहिलेली गोष्ट क्रियापदात आहे. चरणात देव 'आहे' असे म्हटलेले नाही. देव 'जाणावा' असे म्हटले आहे. त्याआधीच्या चरणात साधू 'ओळखावा' असे आहे. दोन्ही क्रियापदे ज्ञानाची आहेत आणि दोन्ही विध्यर्थी आहेत. तेव्हा 'चि' जे वगळतो ते देवाच्या असण्याची अन्य स्थाने नव्हेत, देव ओळखण्याची अन्य स्थाने होत. देव सर्वत्र असो. ओळखण्याची खूण तेथेच आहे. असे वाचले की सर्वव्यापित्वाला बाध येत नाही आणि निपाताला त्याच्या जागेवरून हलवावे लागत नाही. शिवाय हा अर्थ सामाजिक वाचनाहून सौम्य नाही, अधिक कठोर आहे. ज्याला देव कळल्याचा दावा करायचा आहे त्याच्या दाव्याची कसोटी त्याच्या हातातून काढून घेतली जाते आणि दीनांशी असलेल्या वर्तनावर ठेवली जाते. हे सारे 'चि' आणि 'जाणावा' यांच्या मधल्या संबंधात आहे. 'देव' आणि 'साधू' या मोठ्या शब्दांवर कितीही चिंतन केले तरी हाती लागणारे नाही.

तिसरा 'तेचि', आणि तो सर्वांत दुर्लक्षित. पुत्रावर करावयाची जी दया, तीच दासांवर आणि दासींवर. हा 'चि' धर्मकीर्तीच्या तीन कप्प्यांत सरळ बसत नाही, हे मान्य केले पाहिजे. मराठीत संबंधी सर्वनामाच्या जोडीतला 'तोच' अभेद सांगतो: 'काल भेटला तोच मनुष्य'. तरीही येथेही काहीतरी वगळले जातेच. वगळली जाते ती दुसरी, थोडी कमी प्रतीची दया. दासावर दया करावी, हे सांगावयास संत लागत नाही. नोकराशी 'मुलासारखे' वागल्याचे समाधान मानणारे धनी प्रत्येक काळात असतात. 'सारखे' या शब्दात अंतर राहते, सादृश्याला भेद लागतोच. 'तेचि' ते अंतर शिल्लक ठेवत नाही. हा 'चि' पादपूरक मानून सोडला तर अभंग उपमेवर येऊन थांबतो, आणि घरच्या नोकरमाणसांशी गोड बोलावे इतक्याच उपदेशात संपतो.

चौथा शेवटच्या चरणात. त्याचा पाठ सर्वत्र एक नाही; 'तोचि' असे एकवचन आणि 'त्याचि' असे अनेकवचन दोन्ही प्रचारात आहेत, पण 'चि' दोन्हींत कायम आहे. अशा मनुष्याला भगवंताची मूर्ती म्हटले आहे. येथे ज्ञानाचे क्रियापद नाही, विधी नाही, केवळ विधान आहे. त्यामुळे दुसऱ्या 'चि'ला लावलेली किल्ली येथे चालत नाही. दोन अर्थ संभवतात. हाच मूर्ती, म्हणजे पाषाणाची ती मूर्ती नव्हे. किंवा हा साक्षात मूर्तीच, केवळ सज्जन नव्हे. पहिल्यात मूर्तिपूजेवर आघात आहे, दुसऱ्यात स्तुतीची परिसीमा आहे. 'किती सांगू' असा चरणाचा आरंभ दुसऱ्या अर्थाकडे झुकवितो. आधीच्या तीन 'चि'ंनी बांधत आणलेली वगळण्याची चाल पहिल्याकडे ओढते. हा पेच अभंगाने सोडविलेला नाही आणि समीक्षकाने तो सोडविल्याचा आव आणू नये. परंतु पेच नेमका कोठे आहे हे सांगणे त्याचे काम आहे, आणि तो 'मूर्ती'त नसून 'चि'त आहे.

या ठिकाणी दुसऱ्या टोकाच्या मंडळींना आनंद होण्याचा संभव आहे. संरचनावादानंतरच्या विचाराची भाषांतरित परिभाषा विद्यापीठांतून स्थिरावल्यापासून 'अर्थाचे अनंतत्व' ही घोषणा फार स्वस्त झाली आहे. एका अक्षराचे चार अर्थ निघाले, म्हणजे चाळीसही निघतील, वाचेल तो अर्थ, असा निष्कर्ष या मंडळींना तत्काळ सुचेल. वरील विवेचनातून हा निष्कर्ष निघत नाही, उलटाच निघतो. चारही ठिकाणी 'चि'चे कार्य एकच आहे: संभाव्य पर्यायांतून एक राखणे आणि बाकीचे वगळणे. अर्थ बदलतात ते वगळायचे पर्याय बदलतात म्हणून. आणि ते पर्याय वाचकाच्या लहरीने येत नाहीत, निपाताची जागा, क्रियापदाचा प्रकार, शेजारचा चरण आणि ज्या समाजात शब्द उच्चारला गेला तो समाज यांच्याकडून येतात. म्हणूनच चुकीचे वाचन शक्य असते. 'तेचि'चा अर्थ 'दया केवळ दासांवरच करावी' असा कोणी केला तर ती अर्थांची समृद्धी नव्हे, ते अज्ञान होय. ज्या उपपत्तीत वाचन चुकूच शकत नाही तिला चौथ्या 'चि'तला खरा पेचही दिसणार नाही, कारण तिच्या लेखी सर्वत्र सारखाच पेच आहे.

प्रतिमावादी आणि अनंतार्थवादी एकमेकांचे शत्रू समजले जातात, पण या बाबतीत त्यांचे सख्य आहे. पहिल्यांना निपात दिसत नाही, दुसऱ्यांना तो पाहण्याची गरज वाटत नाही.

'ज्ञानेश्वरी'विषयी एकच मुद्दा पुरे. मंगलाचरणात वेदप्रतिपाद्य आत्मरूपाला वंदन झाल्यावर लगेच दुसऱ्या ओवीत गणेशाविषयी 'तूंचि' येतो. तूच एकटा गणेश, इतर देव नव्हेत, असा त्याचा अर्थ नाही. गणेश म्हणून ज्याला जग नमन करते तो तुझ्याहून वेगळा नाही, असा आहे. वगळला गेला तो दुसरा देव नसून दुसरा गणेश. पुढे शब्दब्रह्माची मूर्ती म्हणून गणेशाचे जे दीर्घ रूपक उभे राहते त्याला या 'चि'नेच पाया घातला आहे. तो नसता तर ते रूपक कवीची हौस ठरले असते. आणि गंमत अशी की, त्याच ओवीच्या शेवटी श्रोत्यांना लक्ष देण्याची विनंती करताना योजलेले क्रियापद 'अवधारणे' हेच आहे. वैयाकरण 'चि'ला अवधारणार्थी म्हणतात. कवीने निपात वापरला आणि मग सांगितले, अवधान द्या. हा योगायोग असेल. पण निदान त्या विनंतीला तरी भाष्यकारांनी मान द्यावयास हवा होता.

हा विचार केवळ जुन्या कवितेला लागू आहे असे नाही. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चे (प्रथम प्रयोग १९१९) शीर्षक शंभर वर्षे मराठीच्या तोंडी आहे, आणि त्याचा अर्थ दारूच्या दुष्परिणामांचे नाटक असा सांगून सर्व मोकळे होतात. नाटकाची शोकात्मता 'प्याला' या शब्दात नाही, 'एकच'मध्ये आहे. मानभंगाने होरपळलेल्या सुधाकरापुढे तळीराम पेला करतो तेव्हा 'एकच' म्हणजे फक्त एक, दुसरा नाही. 'च'ने दुसरा प्याला वगळलेला आहे आणि म्हणूनच पहिला घेता येतो. शीर्षक म्हणून तोच शब्दसमूह वाचला की 'एकच' म्हणजे एवढाच पुरेसा. सर्वनाशाची इतर सारी कारणे वगळली. आणि अखेरीस सुधाकराच्या हातचा प्याला विषाचा असतो तेव्हा 'एकच' म्हणजे उरलेला. बाहेर पडण्याच्या इतर वाटा वगळल्या. मर्यादेचे आश्वासन देणाऱ्या अक्षराने मर्यादा नसल्याचे सिद्ध करावे, हा या नाटकाचा आशय होय. गडकऱ्यांना शब्दनिष्ठ कोट्यांचे नाटककार म्हणून हिणविण्याची चाल आहे. ही कोटी मात्र पाच अंक खेळविलेली आहे आणि ती कोणाला कोटी वाटलेली नाही. इंग्रजी भाषांतरकाराला येथे दर वेळी वेगळा शब्द शोधावा लागणार, आणि मग तीन अर्थांतले एकत्व जाणार. हिंदीला 'ही' आहे, त्यामुळे तिला पुष्कळसे साधेल. मराठीच्या संपर्काने 'ऐसाइच' म्हणू लागलेल्या दखनीला तर कदाचित सारेच साधेल.

ज्यांना हे सर्व व्याकरणाचे खेळ वाटतात त्यांनी ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) हा निबंध वाचावा. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेवर १८८१ मध्ये भ्रूणहत्येच्या आरोपावरून चाललेल्या खटल्यानंतर वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या दुर्गुणांची जी चर्चा झाली, तिच्यातून तो उद्भवला. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा उजेडात आणल्यापासून त्याचे वाचन विचारांचा दस्तऐवज म्हणून होत आले आहे, आणि भाषा म्हटली की तिचा तिखटपणा, बोलीचा ठसका एवढ्यावर समाधान मानले जाते. त्यातल्या युक्तिवादाची घडण मात्र दोन वाक्यांच्या फरकावर उभी आहे. स्त्रियांच्या अंगी दुर्गुण आहेतच, हे एक वाक्य. स्त्रियांच्याच अंगी दुर्गुण आहेत, हे दुसरे. पोथ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी पहिल्याचा पुरावा द्यावा आणि दुसरे सिद्ध झाल्याचे मानावे, असा प्रकार चालला होता. अयोगव्यवच्छेद दाखवून अन्ययोगव्यवच्छेद पदरात पाडून घेतला जात होता. ताराबाई पहिल्या वाक्यावर फारशा अडून बसत नाहीत. आहेत दुर्गुण, असे वादापुरते उपहासाने मान्य करून त्या एकेक दुर्गुण उचलतात आणि तो पुरुषांच्या अंगी दाखवीत जातात, कधी तितकाच, कधी अधिक. निबंधाच्या नावात 'तुलना' आहे ती यामुळे. तर्कशास्त्राची परिभाषा त्यांच्यापुढे नव्हती. पण 'च' कोठून उचलला गेला आणि कोठे नेऊन बसविला गेला हे त्यांना अचूक दिसले होते, आणि त्यांनी वाद घातला तो त्याच जागी.